ग्राउंडला दिलेलं पाणी

सर, आज दुपारी आमच्या प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि विचारलं, पुढची मॅच जिंकायला टीमला नेमकं काय लागेल? मोकळेपणाने सांगा, जे लागेल ते संस्था देईल. माणूस चांगला आहे, त्यात टोमणा नव्हता. यंदा आम्ही एकही मॅच जिंकलेलो नाही आणि उरलेली एकच मॅच रविवारी धुळ्याला आहे, तेव्हा त्यांनी विचारणं साहजिकच होतं. मी म्हणालो, विचार करून सांगतो. समोरचा चहा संपवला, उठलो, जिमखान्याच्या खोलीत आलो आणि दार लोटून बसलो. इथे जळगावात आता मीच फिजिकल डायरेक्टर आहे, हे तुम्हाला कोणी कळवलं होतं की नाही, मला माहीत नाही. आम्ही कॉलेजात तुमच्या टीममध्ये होतो तेव्हा हाच प्रश्न तुम्ही आम्हाला विचारला होता. आम्हीही त्या वर्षी एकही मॅच जिंकलेलो नव्हतो, आणि आमचीही शेवटची मॅच धुळ्याशीच होती. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमचा चेहरा आठवायचा तर मला आधी तुमचा तो डाग पडलेला शर्ट आठवावा लागतो, मग कॉलर, मग मान, आणि मग कुठे तुम्ही दिसता.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. रावेर-फैजपूर रस्त्यावरच्या एका गावातलं आमचं कॉलेज, तिन्ही बाजूंना केळी आणि चौथ्या बाजूला डांबरी रस्ता. तुम्ही शिंदखेड्याकडचे. हंगामी नेमणूक, वर्षावर्षाला ऑर्डर निघायची. लहानपणी भुसावळला मामांकडे राहून रेल्वेच्या पोरांबरोबर फुटबॉल खेळलात, आणि तेवढ्या भांडवलावर तुम्ही कबड्डीच्या मुलखात फुटबॉलची टीम उभी केलीत. गावातली माणसं बांधावर बसून आमची प्रॅक्टिस बघायची आणि हसून हसून लोळायची. संस्थेचे चेअरमन नाना एकदा ग्राउंडवर आले, पाठीमागे हात बांधून अर्धा तास उभे राहिले आणि आमच्या सगळ्यांच्या देखत तुम्हाला म्हणाले, "सर, पोरं पळतात चांगली, पण बॉल कोठी जाऊन राहिला ते त्यायले माहीत नाही. धुळ्याची मॅच आपल्या ग्राउंडवर आहे ना? ती जिंकून दाखवा. तुमची ऑर्डर पुढच्या वर्षी काढायला मलेही मग तोंड राहील. नाही तर हे खूळ बंद करू." तुम्ही "हो नाना" म्हणालात. एवढंच. तेव्हा तुमची धाकटी मुलगी अजून चालत नव्हती, आणि हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, कारण प्रॅक्टिसला तुम्ही कधीकधी तिला कडेवर घेऊनच यायचात.

त्याच संध्याकाळी तुम्ही आम्हाला जिमखान्यात बसवलंत. जिमखाना म्हणजे भालाफेकीचे भाले आणि फाटक्या मॅट ठेवायची अंधारी खोली. चिडलात की किंवा मनापासून बोलायचं असलं की तुम्ही अहिराणीत शिरायचात, आणि आम्ही पूर्वेकडची पोरं एकमेकांना कोपराने ढोसायचो. "जिकाले आपले काय लागस? बठ्ठा सांगा. लाजू नका." सगळं म्हणजे सगळं, असं आम्ही धरून चाललो. मग एकाने बूट सांगितले, धुळ्यावाल्यांकडे खालून खिळ्यांचे बूट असतात म्हणून. एकाने अंडी सांगितली. एक जण म्हणाला, "सर, त्या हप्त्यात वॅगन नको लागायला. वॅगन लागली का घरचे येऊ देत नाहीत." हे मात्र खरं होतं. रावेर स्टेशनात दिल्लीला केळी न्यायच्या मालगाडीच्या वॅगन लागल्या की गावात सुतक असल्यासारखी कॉलेजं ओस पडायची, सगळी पोरं केळीच्या कापणीला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी गोलकीपर. मी म्हणालो, "सर, आपलं ग्राउंड दगडासारखं हाये. पडलं का चामडं निघते."

"पडाले भ्यास तू," तुम्ही म्हणालात. सगळे हसले. मला फार लागलं ते, कारण खरं होतं. बॉल डावीउजवीकडे आला की मी उभ्या उभ्या पाय लांबवायचो, अंग कधी टाकायचो नाही. तुम्ही उठलात, मला हाताला धरून बाहेर नेलंत, गोलमध्ये स्वतः उभे राहिलात, चाळिशी ओलांडलेले, अंगात पँट-शर्ट, आणि म्हणालात, मार. मी घाबरत घाबरत मारला. तुम्ही सरळ अंग टाकलंत. त्या आवाजाने बांधावरची माणसं हसायची थांबली. उठलात तेव्हा कोपर फाटलं होतं आणि बाही रक्ताने भिजत होती. तुम्ही हसलात, "दख, मरनू नही मी." मग वाकून हाताने जमीन चाचपलीत, नखाने खरवडून बघितलीत, नख मोडलं, आणि जरा वेळाने वेगळ्याच आवाजात म्हणालात, "नही रे भो. कठीणच शे."

पुढचे पंधरा दिवस तुम्ही आमच्या एकेका मागणीच्या मागे लागलात, आणि आज मला वाटतं, त्या पंधरा दिवसांतच तुम्ही खरे हरलात. बूट काही जमले नाहीत. अंडी तुम्ही जिमखान्यात स्टोव्हवर उकडलीत, कारण घरमालकांना चालायची नाहीत, तर अर्धी टीम माळकऱ्यांच्या घरची निघाली. पोरं टोपल्याकडे बघायची आणि भिंतीला सरकायची. शेवटी ती अंडी तुम्ही आणि मी संपवली, कारण मला तेवढी भीती नव्हती आणि भूक होती. आणि मग वॅगन लागलीच. आमच्या मळ्यात कापणी सुरू होती, मी वडिलांबरोबर खोडांमधून घड काढत होतो, आणि बघतो तर तुम्ही बांधावरून येताय. वडिलांना नमस्कार करून म्हणालात, "भाऊ, याला चार वाजता सोडा. याच्या जागी मी वाहतो." वडील गोंधळून गेले. कॉलेजच्या सरांच्या खांद्यावर घड कसा द्यायचा? पण तुम्ही गोणपाटाची घडी स्वतःच खांद्यावर टाकलीत आणि खोडाखाली जाऊन उभे राहिलात. सवय नसलेला माणूस घड छातीला धरतो. तुम्हीही धरलात. केळीचा चीक अंगावर पडला तेव्हा पाण्यासारखा दिसला, रात्रीतून काळा झाला, आणि तुमचा तो एकुलता एक बरा शर्ट त्यानंतर कधीच बरा झाला नाही. तुम्ही एकेका पोराच्या मळ्यात असेच गेलात. पोरं प्रॅक्टिसला यायची, आणि प्रॅक्टिस घ्यायला तुम्हीच नसायचात. कोणाच्या तरी बागेत घड वाहत असायचात. हे तेव्हा आमच्या कोणाच्या लक्षात आलं नाही. आम्हाला वाटायचं, केवढा मोठा माणूस आहे. होतातच. पण आम्ही बॉल कुठे मारायचा ते शिकलो नाही.

राहिलं ग्राउंड. पाणी द्यायची कल्पना कोणाची, हे मला सांगता येणार नाही, कारण ती कोणा एकाची नव्हतीच. आमच्याकडे कुठलीही जमीन कठीण झाली की माणूस तिला पाणी देतो, त्यात कल्पना ती काय. कॉलेजला लागून नानांचीच केळी होती, विहिरीवर मोटर होती, त्या आठवड्यात लाइट दिवसपाळीची होती. तुम्ही नानांना विचारलंत, नानांनी हो म्हटलं. माझ्या वडिलांना विचारलंत, केव्हा पाणी दिलं तर रविवारी वाफसा येईल? त्यांनी आभाळाकडे बघून सांगितलं, गुरुवारी द्या. पाणी मुरून, चिखल सरून, पायाखाली माती नुसती मऊ लागेल तो वाफसा. शेतकऱ्याच्या पोराला तो तळपायाला कळतो. गुरुवारी आम्ही सगळ्यांनी फावडी आणली, गोलसमोर वाफे बांधले, मधल्या भागाला पाण्याचा दांड काढला आणि केळीला भरतात तसं ग्राउंडला पाणी भरलं. तुम्ही पायजमा गुडघ्यावर घेऊन फिरत होतात. तुमच्या शिंदखेड्याकडे एवढं पाणी एका जागी फारसं बघायला मिळत नाही, म्हणून की काय, तुम्ही फार खूष होतात. "बठ्ठं ग्राउंड पी राह्यनं पाणी," म्हणालात. आज मी या ओळी लिहितोय आणि मला ते पाणी दिसतंय, संध्याकाळच्या उन्हात चकाकणारं, आणि त्याच्याभोवती उभे असलेले आम्ही, पीक काढल्यासारखे समाधानी.

ग्राउंड पीत नव्हतं, सर. ते नुसतं ओलं होत होतं. वर्षानुवर्षं तुडवलेली ती जमीन, कोणी कधी मुरूम टाकून दाबलेली, तिच्यात कधी नांगर गेला नव्हता. वरची बोटभर काळी माती फुगली आणि पाण्याला खाली जायला वाटच राहिली नाही. एवढी शेती करणारं गाव, नानांपासून माझ्या वडिलांपर्यंत, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की हे शेत नाही. त्यात शुक्रवारी आभाळ आलं आणि शनिवारी धुकं. रविवारी सकाळी तुम्ही एकटेच गोलसमोर उभे होतात. पाऊल टाकलंत, उचललंत, आणि चपलेबरोबर मातीचा लगदा वर आला. आम्ही राख आणून टाकली, केळीची वाळलेली पानं पसरली आणि परत गोळा केली, कारण त्यावरून घसरायला होत होतं. धुळ्याची टीम बसमधून उतरली, त्यांच्या सरांनी ग्राउंड बघितलं आणि काहीच हरकत घेतली नाही. मला वाटलं, किती समजूतदार माणूस. मग त्यांच्या पोरांनी पिशवीतून खिळ्यांचे बूट काढले.

ते बूट त्या चिखलासाठीच केलेले होते. आमच्या कॅनव्हासच्या बुटांना माती अशी चिकटली, की पाय उचलेना, आणि जे अनवाणी झाले ते पळता पळता आपटले. आम्ही घाम गाळून त्यांच्यासाठी ग्राउंड तयार केलं होतं. तरी आम्ही खेळलो, सर. मी हे अभिमानाने लिहीत नाही, जे होतं ते लिहितोय. गाव सगळं रस्त्यापर्यंत उभं होतं आणि त्या दिवशी कोणी हसत नव्हतं. आणि मी पडत होतो. आयुष्यात पहिल्यांदा मी डावीकडे अंग टाकलं आणि जमीन मला लागली नाही. उजवीकडे टाकलं, लागली नाही. नाकातोंडात माती आणि छातीशी बॉल. मला वेड लागायची पाळी आली होती. मधल्या सुट्टीत तुम्ही माझ्या तोंडावरची माती तुमच्या त्या डागाळलेल्या बाहीने पुसलीत. कोणाचाच गोल नव्हता. जिंकायला एक हवा होता, आणि तो होईल असं मला अगदी खरंच वाटायला लागलं होतं.

शेवटी शेवटी त्यांचा एक उंच पोरगा मोकळा सुटला आणि त्याने उजव्या कोपऱ्यात जमिनीलगत मारला. मला तो आधीच दिसला. मी बरोबर वेळी, बरोबर जागी, अंग पूर्ण लांबवून पडलो. आणि बॉल आलाच नाही. माझ्यापासून जेमतेम दोन हातांवर चिखलात रुतून थांबला. मी पालथा पडून त्याच्याकडे बघतोय, कोपरं टेकून सरकायला बघतोय, माती सोडत नाहीय, आणि तो पोरगा त्या खिळ्यांच्या बुटांनी, घाई न करता, चालत आला आणि मोकळ्या राहिलेल्या डाव्या बाजूला त्याने बॉल हलकेच ढकलला. जमीन कठीण असती तर तो बॉल माझ्या हातात आला असता. जमीन कठीण असती तर मी पडलोच नसतो. हे मी इतक्या वेळा मनात घोळवलंय, की आता त्यात काही अर्थ उरलेला नाही.

मॅच संपल्यावर नाना चिखलाच्या कडेला उभे राहून म्हणाले, "ग्राउंडची ही दशा कोणी केली?" परवानगी त्यांनीच दिली होती, मोटर त्यांची होती. तुम्ही म्हणालात, "मी केली नाना. पोरांचा त्यात काही संबंध नाही." गुरुवारी द्या म्हणणारे माझे वडील तिथेच उभे होते, खाली बघून चपलेचा चिखल काढत. मग तुम्ही मला विहिरीवर नेलंत, बादली ओतून माझे हातपाय धुतलेत, आणि अगदी हळू म्हणालात, "आज तू पडना." तुमच्या चेहऱ्यावर खरंच आनंद होता. मला तुमचा असा राग आला, सर, की सांगता येत नाही. नोकरी गेलेल्या माणसाला हे एवढंच दिसावं? दोन-तीन महिन्यांनी तुम्ही खोली सोडलीत. टेम्पोत सामान भरायला आम्ही आलो होतो. जाताना तुम्ही तुमची शिट्टी माझ्या हातात दिलीत. ती अजून वाजते. मी अजून वाजवतो.

त्यानंतर एकदाच भेटलात, धुळ्याच्या स्टँडवर. तुम्ही कुठल्याशा जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होतात, कापसाचे तंतू भुवयांत अडकलेले. मी बी. पी. एड. करतोय म्हटल्यावर तुम्ही माझा खांदा दाबलात, मग विचारलंत, "टीम शे का रे अजून?" मी म्हणालो, नाही सर, बंद केली. तुम्ही मान हलवलीत, पण बराच वेळ हलवत राहिलात. शिंदखेड्याची गाडी लागली आणि तुम्ही चढलात. काही वर्षांनी कोणीतरी लग्नात जेवताना सांगितलं, की तुम्ही गेलात, त्यालाही तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं. मी पंगतीतून उठलो नाही. समोरचं वाढलेलं सगळं खाल्लं.

एका गोष्टीवर मी इतके दिवस काढले, सर. मला वाटायचं, तुमच्याकडे नव्हतं म्हणून हरलो. बूट असते, हिरवळ असती, दुसरा बॉल असता, पोरांना मळ्यात जावं लागलं नसतं, तर तुम्ही जिंकला असता आणि तुमची ऑर्डर निघाली असती. माझ्याकडे आज ते सगळं आहे. पोरांच्या पायात खिळ्यांचे बूट आहेत, ग्राउंडवर गवत आहे आणि त्याला पाणी द्यायला वेगळा माणूस आहे. मी रोज वेळेवर हजर असतो, कोणाचे घड वाहायला जात नाही. आणि आम्ही हरतो. तुम्ही हरलात त्यापेक्षा वाईट हरतो. म्हणजे तुम्हाला सगळं मिळालं असतं तरी तुम्ही हरलाच असतात का? तसं असेल, तर तुमचा शर्ट, तुमचं कोपर, तुमची नोकरी, हे सगळं कशासाठी गेलं? तेवढा एक आधार होता, तोही या वर्षाने काढून घेतला. प्राचार्यांना उद्या मी सांगेन, काही नको साहेब, सगळं आहे. ते खरंच आहे, आणि त्याइतकं निराश करणारं वाक्य मी दुसरं बोललेलो नाही.

रविवारी आमची बस धुळ्याला जाईल. तिथून शिंदखेडा फार लांब नाही, तुमच्या मागे काकू अजून तिथल्या तुमच्या घरात असतात असं ऐकलंय. मॅचनंतर जाऊन हे कागद त्यांच्या हातात द्यावेत, असं लिहायला बसलो तेव्हा मनात होतं. आता देता येणार नाहीत, कारण पुढचं त्यांनी वाचू नये. काल प्रॅक्टिस संपल्यावर पोरं माझ्याभोवती बसली होती, मान खाली घालून, आणि माझ्या गोलकीपरने विचारलं, सर, तुम्ही कधी धुळ्याला हरवलंय का? मी म्हणालो, हो. एक-शून्य. आम्ही ग्राउंडला पाणी दिलं होतं, रविवारी बरोबर वाफसा आला, आणि शेवटचा बॉल मी अंग टाकून पकडला. आमचे सर कायम झाले, त्याच कॉलेजातून रिटायर झाले. पोरं माना वर करून ऐकत होती. कितीतरी दिवसांनी मी त्यांचे डोळे बघितले. एकाने विचारलं, सर अजून आहेत का ते? मी म्हणालो, आहेत की. शिंदखेड्याला असतात. रविवारी आपली मॅच बघायला येणार आहेत.